डाळ मिलची धुळीची पिशवी : कापड कोणतं, किती आणि बदलायची कधी

आज पिकाबद्दल नाही, पिशवीबद्दल लिहितो.

तूर निघाली, मळणी झाली. आता मे महिन्यापर्यंत आपल्या भागातल्या मिनी दाल मिल धडाधड चालतील. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल विदर्भात गावोगाव पोचली. तिच्या जोडीला कोणी हळद-मिरचीचा पल्व्हरायझर बसवला, कोणी बेसनाची चक्की. पिंपळगाव राजाहून खामगावकडं जा नाहीतर नांदुऱ्याकडं, अशी शेडं दिसतातच. आणि शेडच्या कोपऱ्यात ब्लोअरच्या डोक्यावर फुगलेल्या कापडी पिशव्या लटकलेल्या असतात. मशिन घेताना मोटर किती एचपीची, रोलर कोणता, तासाला माल किती, हे सगळे विचारतात. पिशवीकडं लक्ष जातं ते शेडमध्ये समोरचं दिसेनासं झाल्यावर.

आमच्या गटाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या काकू मागच्या हंगामात म्हणाल्या, "भाऊ, पिशव्या धुतल्यापासून फुफाटा जास्तच उडून रायला." ऐकणाऱ्याला वाटेल, धुतलेली पिशवी जास्त धूळ कशी सोडेल? पण काकूंचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. ते का बरोबर, हे समजलं की पिशवीचं अर्धं शास्त्र समजलं.

पिशवीचं कापड स्वतः धूळ फार गाळत नाही. नव्या कोऱ्या कापडाची विण भिंगाखाली धरून बघा, दोन धाग्यांमधली भोकं डाळीच्या बारीक पिठापेक्षा कितीतरी मोठी असतात. पहिले काही तास धूळ त्यातून आरपार जाते. मग हळूहळू कण धाग्यांत अडकतात, त्यांच्यावर आणखी कण बसतात आणि आतून एक पातळ थर तयार होतो. खरी गाळणी म्हणजे तो थर. कापड फक्त त्याला धरून ठेवतं. आपल्या शेततळ्यासारखंच समजा. नव्या तळ्यातून पाणी पाझरतं, तळाला गाळ बसला की पाझर कमी होतो. गाळ अतोनात झाला तर तळंच भरून जातं, ते वेगळं. पिशवीचंही तेच आहे. थर हवा, पण हवा कोंडेल एवढा नको.

आमच्या गटातल्या एका भावानं चांगल्या मनानं सगळ्या पिशव्या साबण लावून धुतल्या होत्या. थर गेला. शिवाय सुती कापड आटलं, गळपट्टी तोटीवर बसेना, तिथून वेगळी धूळ. म्हणून सांगतो, पिशवी झटकायची, ऊठसूट धुवायची नाही.

आता ही धूळ नेमकी कशाची असते ते बघू, कारण कापड त्यावरच ठरतं. तुरीची पहिली फेरी मारतो, म्हणजे दाणा नुसता खरचटवून घेतो, तेव्हा निघणारी धूळ कोरडी असते. टरफलाचा चुरा, आणि शेतातून खळ्यात, खळ्यातून पोत्यात आलेली माती. मग तेलाचा हात देतो, उन्हात वाळवतो, पाणी शिंपडून मुरू देतो आणि परत मशिनमध्ये घालतो. त्या फेरीची भुकटी पिठूळ आणि थोडी तेलकट. मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो. पहिली धूळ झटकली की खाली पडते, दुसरी कापडाला चिकटून बसते. एकाच पिशवीनं दोन्ही कामं वर्षभर करावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. हरभऱ्याचं बेसन तर आणखी चिकट. हळदीचं तुम्हाला माहीतच आहे, शेड सोडा, वासरूसुद्धा पिवळं होतं.

ही धूळ जाते कुठं? काही जमिनीवर, काही डाळीवर आणि काही माणसाच्या छातीत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात-घशात अडकतात, शिंक येते, खाकरा येतो, निघून जातात. ४-५ मायक्रॉनच्या खालचे कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. एवढा एकटा कण डोळ्याला दिसत नाही. म्हणजे जी धूळ आपल्याला दिसते तिच्यापेक्षा न दिसणारी जास्त त्रासाची.

किती धूळ चालते? अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं गहू, ओट, बार्लीच्या धुळीसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे घनमीटर हवेत ४ मिलिग्रॅम, पूर्ण पाळीची सरासरी. डाळीला तो आकडा तंतोतंत लागू करू नका, पण अंदाज घ्यायला बरा आहे. २० बाय १५ फुटांचं, १२ फूट उंचीचं शेड धरा. ३६०० घनफूट, म्हणजे जवळपास १०२ घनमीटर हवा. चारनं गुणलं तर ४०८ मिलिग्रॅम. अख्ख्या शेडच्या हवेत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी धूळ! चिमटीत येईल एवढी. आपल्या कित्येक शेडांत याच्या पुढं काय चाललेलं असतं, ते ट्रॅक्टरच्या सीटवर साचलेला थर बघूनच कळतं.

खामगाव हा जुना कापसाचा बाजार, जिनिंग-प्रेसिंगची परंपरा आपल्याकडं आहे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टी घेऊन परत कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, म्हणून इंग्लंडच्या कापड गिरण्यांत त्याला सोमवारचा ताप म्हणायचे. डाळीची धूळ वेगळी, आजार वेगळा, पण तुमच्या शेडमधलं माणूस दोन दिवस घरी राहिलं की बरं होतं आणि कामावर आलं की खोकतं, असं दिसलं तर त्याला ‘सवय होईल’ म्हणू नका. डॉक्टरकडं पाठवा आणि काम काय करतो हे डॉक्टरला सांगायला लावा.

आता गणित. यात थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक घोळ इथंच आहे. आपण कापड चांगलं आणतो, पण कापड कमी पडतं.

आमच्या डस्ट कलेक्टरला विक्रेत्यानं चार पिशव्या दिल्या होत्या. प्रत्येक १ फूट व्यासाची, ६ फूट लांब. घेर ३.१४ फूट, गुणिले ६, म्हणजे एका पिशवीचं कापड जवळपास १९ चौरस फूट. चारचं मिळून ७५. ब्लोअर हवा किती फेकतो ते बघायला अकोल्याच्या एका कृषी अभियंत्याकडून वाऱ्याचा वेग मोजायचं हातातलं यंत्र आणलं, फवारणीच्या वेळी वापरतात तसलं. ६ इंची पाइपच्या तोंडाशी चार-पाच ठिकाणी धरून सरासरी काढली, सेकंदाला १५ मीटर आली. म्हणजे मिनिटाला २९५० फुटांच्या आसपास. ६ इंची पाइपचं तोंड ०.१९६ चौरस फूट. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे ५८० घनफूट हवा.

५८० भागिले ७५ म्हणजे ७.७. दर चौरस फूट कापडातून मिनिटाला पावणेआठ घनफूट हवा आम्ही रेटत होतो. हातानं झटकायच्या विणलेल्या पिशव्यांना धान्याच्या धुळीसाठी हा आकडा साडेतीनच्या आसपास आणि पिठासाठी तीनच्या आसपास धरायचा असतो. आमचा दुपटीपेक्षा जास्त. एवढ्या जोरानं हवा गेली की बारीक कण थरातून ढकलले जातात, थर कापडात घट्ट ठोकला जातो आणि झटकून पडत नाही. मग लोक म्हणतात कापड खराब निघालं.

आम्ही पिशव्या आठ केल्या आणि लांबी ७ फूट. एका पिशवीचं कापड २२ चौरस फूट, आठचं १७६. ५८० भागिले १७६ म्हणजे ३.३. डबा नवा करावा लागला, तोट्या वाढवाव्या लागल्या, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं दोन दिवसांचं काम. पण शेडमधला सगळ्यात मोठा फरक कापडाच्या जातीनं नाही, या वाढीव कापडानं पडला. पिशव्या वाढल्या की अडथळा कमी होऊन ब्लोअर थोडी जास्त हवा देतो, म्हणून हिशोबापेक्षा एखादी पिशवी वरच धरा.

एक सावधगिरी. मोठ्या मिलमध्ये कॉम्प्रेसरच्या झोतानं दर थोड्या वेळानं आपोआप झटकल्या जाणाऱ्या फेल्टच्या पिशव्या असतात. त्या दर चौरस फुटाला तिप्पट-चौपट हवा झेलतात. तिथला माणूस तुम्हाला त्याचा आकडा सांगेल, तो आपल्या हातझटक पिशवीला लावू नका.

कापडाकडं येऊ. मांजरपाट सगळ्यात स्वस्त, कुठंही मिळतं, पण साधी विरळ विण. टरफलाला ठीक, पिठाला नाही. सुती ड्रिल, म्हणजे शाळेच्या गणवेशाच्या जाड पँटचं कापड, त्यापेक्षा बरंच दाट. कोरड्या पहिल्या फेरीला मी ड्रिलच वापरा म्हणेन. सुती धागा आपल्या भागातल्या कोरड्या हवेत चांगला चालतो, शिवायला सोपा, फाटला तर टेलर तासाभरात जोड लावून देतो. त्याचे दोष तीन: ओल धरतो, आटतो आणि उंदरांना आवडतो.

तेलाच्या फेरीला आणि बेसनाला पॉलिस्टरचं नीडल फेल्ट. हे विणलेलं नसतं, धागे सुयांनी एकमेकांत गुंतवलेले असतात, घोंगडीसारखं जाड. साधारण ५०० जीएसएमचं सगळीकडं मिळतं. एका बाजूनं धग देऊन ते गुळगुळीत केलेलं असतं. आता नीट वाचा, कारण तयार पिशव्या घेणारे पुष्कळ जण इथं अडकतात. गुळगुळीत बाजू धुळीकडं पाहिजे, म्हणजे थर सुटून पडतो. आपल्या डस्ट कलेक्टरमध्ये धूळ पिशवीच्या आत येते आणि हवा बाहेर जाते, म्हणून गुळगुळीत बाजू आत. पण कॉम्प्रेसरवाल्या मोठ्या यंत्रात धूळ पिशवीच्या बाहेर बसते, म्हणून त्यांच्या तयार पिशव्यांची गुळगुळीत बाजू बाहेर असते. तसली पिशवी तशीच आपल्याकडं चढवली की केसाळ बाजू धुळीकडं येते आणि तेलकट भुकटी केसांत रुतून बसते. उलटी करून घाला, नाहीतर टेलरला आधीच सांगा.

दुकानदार ‘५ मायक्रॉनची पिशवी’, ‘१ मायक्रॉनची पिशवी’ म्हणून भाव चढवतात. त्यांना दोन प्रश्न विचारा. त्या मापाचे किती टक्के कण अडतात? आणि हा आकडा कोऱ्या कापडाचा की थर बसलेल्या? उत्तर आलं नाही तर मायक्रॉनचे जादा पैसे देऊ नका. त्याच पैशात दोन पिशव्या जास्त शिवा.

शिवण्याचं म्हणाल तर १ फूट व्यासाच्या पिशवीचा घेर पावणेअडतीस इंच, दोन इंच शिलाईला, म्हणजे ४० इंच. ४४ इंची पन्ह्यात एक पिशवी सरळ बसते, जोड लागत नाही. ७ फूट लांबी आणि वर-खाली दुमडायला सहा इंच धरले तर ९० इंच, म्हणजे २.३ मीटर. आठ पिशव्यांना साडेअठरा मीटर. सुती असेल तर वीस मीटर घ्या आणि कापण्याआधी कापड भिजवून वाळवून घ्या, जे आटायचं ते आधीच आटू द्या. शिलाई दुमडून दुहेरी मारायला सांगा आणि दोरा पॉलिस्टरचा. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे धुळीची वाट आहे, एकेरी शिलाईची पिशवी रात्री बॅटरी लावून बघा, शिलाईच्या रेषेवरून धुराची बारीक ओळ निघताना दिसेल. गळपट्टी तोटीवर सुतळीनं बांधू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाली गुंडाळा आणि वरून स्क्रूची क्लिप आवळा.

आता खालची पिशवी, म्हणजे माल गोळा करणारी. इथं बहुतेक जण हाताला येईल ती गोणी लावतात. पहिली गोष्ट, खताची किंवा औषधाची रिकामी गोणी अजिबात नाही. खाली पडणारी चुनी आपण जनावराला घालतो. धुतलेली गोणी असली तरी नाही. दुसरी गोष्ट, तागाच्या पोत्यातून बारीक भुकटी गळते, म्हणून पोत्याच्या आत जाड पॉलिथिनची पिशवी घाला. पारदर्शक असली तर उत्तम, किती भरली ते दिसतं. दोन-तृतीयांश भरली की बदला. काठोकाठ भरेपर्यंत थांबलात तर सायक्लोनमधला भोवरा खालचा माल परत उचलून वरच्या कापडाकडं नेतो.

तिसरी गोष्ट ब्लोअर कुठं आहे यावर. ब्लोअर सायक्लोनच्या आधी असेल तर खालची पिशवी फुगते, भोक असलं तर धूळ बाहेर फुस्स करते, लगेच दिसते. ब्लोअर सायक्लोनच्या नंतर असेल तर खालची पिशवी आत ओढली जाते. तिथं भोक असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पण त्या भोकातून आत शिरलेली हवा खाली पडणारी भुकटी परत वर उडवते. सगळं ठीक दिसतं आणि वरच्या पिशव्या मात्र दर तासाला तुंबतात. अशा मशिनला पिशवीऐवजी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम लावा आणि झाकणाला रबराची कडी बसवा.

झटकणं. ब्लोअर बंद करून झटकायचं. चालू असताना हवेचा दाब थराला कापडावर दाबून धरतो, तुम्ही कितीही हलवा. बंद करा, पिशवी पडली की वरचं कडं धरून दहा-पंधरा वेळा वरखाली हलवा, पाच मिनिटं थांबा, मग खालची पिशवी सोडा. काठीनं बडवू नका, धागे तुटतात. झटकणाऱ्या माणसानं एन-९५ मास्क नीट नाकाला दाबून लावावा. ओला रुमाल किंवा गमछा मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. काकूंना आधी मास्कमध्ये गुदमरल्यासारखं व्हायचं, आता झटकायच्या आणि गोणी बदलायच्या तेवढ्या वेळापुरता त्या लावतात. पूर्ण वेळ नाही, पण सगळ्यात वाईट दहा मिनिटं तरी झाकली जातात. पिशव्यांचा डबा आम्ही भिंतीच्या बाहेर, पत्र्याच्या पडवीखाली नेला, त्यानं काकूंचं काम मास्कपेक्षाही जास्त हलकं झालं.

मग पिशवी बदलायची कधी? ‘फाटली की’ हे उत्तर उशिराचं आहे. फाटायच्या कितीतरी आधी पिशवीचा श्वास बंद झालेला असतो. ते मोजायला गवंड्याची लेव्हल नळी पुरते. पारदर्शक नळी घ्या, यू आकारात पाटीवर ठोका, शाई टाकलेलं पाणी अर्धं भरा. ब्लोअर आणि पिशव्यांच्या मधल्या पत्र्याला बारीक भोक पाडून एक टोक तिथं घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. ब्लोअर चालू केला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर येतं. दोन्ही पातळ्यांमधलं अंतर इंचात मोजा. पिशव्यांमधून हवा ढकलायला किती जोर लागतो, ते एवढ्यावर कळतं.

आमच्याकडं नव्या पिशव्यांवर हे अंतर १ इंचाच्या खाली होतं. थर बसल्यावर, झटकून झाल्यानंतर, दीड इंच. दिवसभर काम केल्यावर अडीच-तीन. झटकलं की परत दीड. हे चक्र चालू आहे तोवर पिशवी तरुण आहे. झटकूनही अंतर चारच्या खाली येईना तेव्हा ती तुंबली. तुमचा ब्लोअर वेगळा, तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून नव्या पिशवीच्या पहिल्या आठवड्याचे आकडे लिहून ठेवा, तेच तुमचं माप. उलटं झालं, म्हणजे अंतर एकाएकी निम्म्यावर आलं, तर खूश होऊ नका. कुठंतरी फाटलंय नाहीतर गळपट्टी निसटलीय.

बदलताना सगळ्या एकदम बदला. एकच नवी घातली तर तिच्यातून हवेला सोपी वाट मिळते, बाकी सात तुंबलेल्यांची हवा तिच्याकडं धावते, आणि थर बसायच्या आधीच तिच्यातून धूळ आरपार. हंगामाच्या मध्ये एखादी फाटलीच तर ती काढून त्या तोटीला टोपण लावा आणि सातवर काम भागवा. नवा संच चढवल्यावर पहिला दिवस कोरड्या फेरीचा ठेवा. कोरड्या धुळीचा थर आधी बसला की नंतरची तेलकट भुकटी त्या थरावर राहते, थेट धाग्यात शिरत नाही. आम्ही आता दोन संचच ठेवतो, ड्रिलचा पहिल्या फेरीला आणि फेल्टचा तेलाच्या. फेल्टच्या संचालाही पहिला तासभर कोरडी धूळच खाऊ घातली.

ओलीचं एक. पाणी दिलेला माल काढून झाला की ब्लोअर लगेच बंद करू नका, दहा मिनिटं रिकामा चालवा, दमट हवा निघून जाऊ द्या. नाहीतर रात्रीतून आतल्या पिठाची खळ होते आणि कापड पापडासारखं कडक होतं. पावसाळ्यात काम नसेल तर पिशव्या काढा, झटका, उन्हात टाका आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा.

आगीबद्दल थोडक्यात, पण वगळणार नाही. अन्नाची बारीक भुकटी बंद जागेत हवेत उडालेली असेल आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न ए ही पिठाची गिरणी २ मे १८७८ ला अशीच उडाली, १८ माणसं गेली. फार जुनं वाटत असेल तर ७ फेब्रुवारी २००८ ला जॉर्जियातल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या भुकटीनं १४ जणांचा जीव घेतला. आपलं शेड छोटं आहे, पण पिशवीच्या आत भुकटी, हवा आणि बंद जागा हे तिन्ही असतंच. चौथी ठिणगी. ती तुरीतल्या खड्यातून, तारेच्या तुकड्यातून, तापलेल्या बेअरिंगमधून किंवा कापडावर साचलेल्या स्थिर विजेतून येते. म्हणून हॉपरला चुंबक लावा. प्लास्टिकच्या पाइपऐवजी पत्र्याचा पाइप घ्या आणि त्याला अर्थिंग द्या. पॉलिस्टरच्या पिशवीत स्थिर वीज जास्त साचते, तिच्यासाठी अँटिस्टॅटिक फेल्ट मिळतं, तेच घ्या, आणि पिशवीच्या गळ्यापासून डब्यापर्यंत तांब्याची तार जोडा. जळका वास आला तर ब्लोअर बंद, आणि पिशवी झटकायची किंवा उघडायची नाही. हवा मिळाली की धुमसणारी भुकटी पेट घेते.

ज्यांचं मशिन अजून यायचंय त्यांच्यासाठी. केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, पीएमएफएमई, २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात बँक कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. त्यासाठी कोटेशन मागवताना ‘डस्ट कलेक्टरसह’ एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका. पिशव्या किती, व्यास-लांबी किती, कापड कोणतं, ब्लोअर मिनिटाला किती घनफूट हवा देतो, हे वेगळ्या ओळींत लिहून मागा. मग वरचा भागाकार करा. उत्तर साडेतीनच्या पुढं आलं तर मशिन येण्याआधीच पिशव्या वाढवून घ्या, नंतर डबा कापत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आमच्या दोन्ही संचांवर आता मार्करनं तारीख लिहिलेली आहे, आणि दारामागच्या पाटीवर काकू रोज झटकल्यानंतरचे इंच लिहितात. आज ड्रिलवर दीड आहे, फेल्टवर पावणेदोन. मे अखेरीला काम बंद झालं की दोन्हीचे पूर्ण हंगामाचे आकडे इथंच टाकतो.